पुढच्या डाव्या पायाची नाल

जळबाला माणसं तोंडावरून कमी अन् जनावरांच्या पायांवरून जास्त ओळखू यायची. कळमनुरीच्या बाजारात कुणी विचारलं, काय जळबा, ओळखलं का, की हा गडी आधी खाली बघणार. माणसासोबत बैल असला तर त्याच्या खुरांवरून नजर फिरवणार अन् मग खुशीत म्हणणार, हां हां, तुमी ते उजव्या बैलाची नखी फुटलेले! समोरच्याला राग यावा असंच ते बोलणं. पण जळबाचं बोलणं कुणी मनावर घेत नसे. पायाचा माणूस, पायाकडंच बघणार.

नालबंदी त्याच्या घरात नव्हती. कुरुंद्याच्या एका शेतकऱ्याचं हे पोरगं, हळद खणायची सोडून हिंगोलीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या मागं लागलं. उस्तादाचा आजा म्हणे हिंगोलीच्या छावणीत रिसाल्याच्या घोड्यांना नाला मारायचा. छावणी गेली, रिसाला गेला. उस्तादाकडं उरली एक ऐरण, दोन हातोड्या, खूर तासायची वाकडी सुरी, एक कानस, एक पक्कड अन् तोंडभर शिव्या. उस्ताद गेल्यावर हे सगळं जळबाला वारशात मिळालं. त्यातल्या शिव्या तेवढ्या त्यानं कमी वापरल्या.

उस्तादानं शिकवलेलं फार नव्हतं, पण जे होतं ते पक्कं होतं. बैलाला पाडून पत्री, म्हणजे बैलाची नाल, ठोकता येते, घोड्याला पाडायचं नाही. घोड्यानं आपण होऊन पाय हातात दिला पाहिजे. नाल पायाच्या मापाची करायची, पाय नालेच्या मापाचा करायचा नाही. खुराच्या तळाला कडेकडेनं एक पांढरी रेघ असते. रेघेच्या बाहेर नुसतं नख, आत जिव्हाळी. खिळा बाहेरून गेला तर घोड्याला पत्ता लागत नाही, आत गेला तर घोडा कामातून गेला. अन् डोळ्याला दिसत नसलं तरी कानाला कळतं. खिळा नखातून चालला की हातोडीखाली खणखण वाजतो, जिव्हाळीकडं वळला की आवाज बसतो. उस्ताद म्हणायचा, हात से नहीं, कान से ठोक.

शेवटची गोष्ट अशी की एकदा ठोकलेली नाल दीड-दोन महिने हलवायची नाही. तेवढ्यात नख वाढतं, जुनी भोकं खाली उतरतात, वाढलेलं नख कापलं की तीही जातात, अन् नव्या खिळ्यांना कोरी जागा मिळते. खूर म्हणजे काय बाभळीचा ओंडका आहे का, वाटलं तेव्हा ठोकायला! ही गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच झालं.

जळबाच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या जनावरांत त्याचा जीव होता तो काजळीवर. काजळी संपतराव धनगराची घोडी. नखशिखांत काळी, कपाळावर ठिपकासुद्धा पांढरा नाही. दिवाळी झाली की संपतराव मेंढरं घेऊन पैनगंगा ओलांडायचा, पुसदकडच्या शिवारांत हिंडायचा अन् मृगाच्या तोंडावर परतायचा. सगळं बिऱ्हाड काजळीच्या पाठीवर असायचं. पालाचे बांबू, भांडी, कोंबड्यांचा खुराडा अन् वाटेत जन्मलेली कोकरं. धनगरात मेंढरं गड्याची असली तरी घोडी बाईची असते. ओझं तीच लादते, तीच उतरवते, मुक्कामाच्या जागी घोडी घेऊन तीच पुढं जाते. काजळी तशी बनाबाईची होती, संपतरावच्या बायकोची.

बनाबाईचं माहेर कुरुंद्याचं, म्हणून जळबा तिचा मामा. रक्ताचं नातं काही नाही, गावचं. दर दसऱ्याला ती घोडी घेऊन जळबाच्या वाड्यावर यायची. वाडा म्हणजे गावाबाहेर कुडाचं एक घर, पुढं मोकळं अंगण अन् लिंबाचं झाड. बायको गेल्यापासून जळबा तिथं एकटाच राहायचा. बनाबाई दावं धरून उभी राहायची अन् माहेरच्या गोष्टी विचारायची. जळबा काजळीच्या गुडघ्यामागून हात फिरवायचा, तशी ती पाय उचलून सरळ त्याच्या मांडीवर ठेवायची. दावं धरायचीसुद्धा गरज नव्हती. असला विश्वास सख्खा भाऊ ठेवत नाही हो! जळबा म्हणायचा, बने, तुझ्या घोडीचे पाय बघितले की मला भाकर गोड लागते.

हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. उकंडराव नावाचे बागायतदार बैलांना पत्र्या मारायला जळबाकडं आले. गावात वजन असलेला माणूस, पण त्या दिवशी तोंड पार उतरलेलं. नातू रुद्र तापानं फणफणला होता, ताप हटत नव्हता. डॉक्टर चालू होता, गोळ्या चालू होत्या. कुणीतरी सांगितलं होतं की काळ्या घोड्याची नाल उंबऱ्याला ठोका. उकंडरावांनी संकोचत विचारलं, जळबा, असली नाल असंल का तुझ्याकडं?

तिथंच, ऐरणीपाशी, काजळीची सकाळीच काढलेली झिजकी नाल पडली होती. जळबाला उकंडरावांची कीव आली. अन् कीव आली की थट्टा करायची ही त्याची जुनी खोड. त्यानं नाल उचलली, पदरचं तिखटमीठ लावलं अन् म्हणाला, "घ्या मालक. अस्सल काळी घोडी, पुढचा डावा पाय, अन् आज शनिवार. ह्याच्यावर काय औषध न्हाई."

उकंडराव हसले नाहीत. त्यांनी नाल दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली अन् धोतराच्या सोग्यात बांधली. जळबाचं हसू तोंडातच राहिलं.

पोराचा ताप उतरला. आता कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे काय नवीन आहे? पोटात गोळ्या होत्याच की. पण गोळ्यांना कोण नारळ फोडतं? उकंडरावांची बायको मंजुळाबाई, तिनं ज्या लग्नाला गेली तिथं, ज्या बारशाला गेली तिथं नालेची कथा सांगितली. अन् उकंडराव तर उपकार ठेवणारा माणूस. घोडी संपतरावची म्हटल्यावर त्यांनी संपतरावला बोलावून घेतलं अन् सांगितलं, पिकं निघाली की माझ्या शिवारात मेंढरं बसव, विहिरीवर पाणी पाज, कुणी हटकणार न्हाई.

धनगराच्या जन्मात असं बोलणं कितीदा ऐकायला मिळतं? दर बांधावर ज्याला हाकलून देतात, त्याला कुणी या म्हटलं. संपतराव त्या दिवशी फेटा सरळ करून घरी गेला.

मग लोक येऊ लागले. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या लेकीचं जमत नव्हतं, कुणाच्या घरात एकामागून एक बैल गेले. सगळ्यांना नाल पाहिजे होती, अन् नालही कशी, तर काळ्या घोडीची, पुढच्या डाव्या पायाची, शनिवारी काढलेली. जळबानं गंमत म्हणून जोडलेले शब्द त्याच्याच दारात शास्त्र होऊन आले. वर लोकांनी आपल्या पदरची भर घातली की नाल डोळ्यांदेखत काढलेली पाहिजे. मध्यंतरी जळबानं एका तांबड्या घोड्याच्या जुन्या नाला काढून देऊन बघितल्या, पण कुणी घेईना. घोडी आणा म्हणाले, पाय दाखवा म्हणाले.

संपतराव वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पहिल्या-पहिल्यांदा तो नाही म्हणालाही. पण जो मागायला यायचा त्याचं कुठंतरी शेत असायचं, अन् त्या शेतात कधीतरी मेंढरं बसायची. धनगर नाही कुणाला म्हणणार? महिन्याची नाल पंधरवड्यावर आली, पंधरवड्याची आठवड्यावर. मेंढरं नदीच्या अल्याड असली की दर शनिवारी काजळी जळबाच्या अंगणात उभी. जुनी काढायची, नवी ठोकायची. ती पुढच्या शनिवारी काढायची.

जळबानं संपतरावला बसवून घोडीचा पाय दाखवला. बघ, हे भोक गेल्या खेपेचं, हे त्याच्या आधीचं, आता मधे बोटभर जागा न्हाई. नख भुसभुशीत होऊन राहिलं. असंच चाललं तर ढलप्या निघतील अन् मग नाल धरायला काही उरणार नाही. संपतरावनं सगळं नीट ऐकलं, पाय हातात घेऊन बघितला, अन् म्हणाला, "मामा, एकाच पायाचं तर हाय. बाकीचे तीन हायेत की चांगले."

जळबानं कपाळाला हात लावला अन् चक्क नकार दिला. घोडी घेऊन जा म्हणाला, मी ठोकणार न्हाई.

संपतराव घोडी घेऊन गेला तो औंढ्याच्या रस्त्यावर बैलांना पत्र्या ठोकणाऱ्या एका माणसाकडं. त्या बिचाऱ्यानं बैलाचे जाड खिळे ठोकले, त्याला तेवढंच येत होतं. चार दिवसांनी काजळी तीन पायांवर लंगडत जळबाच्या अंगणात आली. दावं बनाबाईच्या हातात होतं. जळबानं खिळे उपसले, तर एका खिळ्यामागून पू आला. त्यानं लिंबाचा पाला उकळला, मिठाच्या कढत पाण्यात पाय शेकला, चिंध्या बांधल्या. घोडी थरथरत होती तरी पाय मांडीवरून काढत नव्हती.

पाय बांधून झाल्यावर बनाबाई म्हणाली, "मामा, तुमी न्हाई म्हणू नका. तुमी न्हाई म्हणलं की त्यो तिकडं नेतो."

"अन् मी व्हय म्हणलं तर?"

"तुमचा हात हलका हाय."

झालं! धरलं तर चावतं अन् सोडलं तर पळतं. बरा झाल्यावर तोच पाय पुन्हा जळबाच्या मांडीवर आला, अन् जळबा पुन्हा ठोकू लागला. जमेल तेवढं सांभाळून ठोकायचा. सातच्या जागी तीन खिळे, तेही बारीक कानसून. नालेला पुढून एक पातळ जीभ काढायचा, म्हणजे ती नखाला पकडून राहील अन् खिळे कमी लागतील. भोकांत मेण भरायचा. एकदा तर त्यानं नाल चामड्याच्या पट्ट्यानं बांधून बघितली, पण घ्यायला आलेल्या बाईनं मान हलवली. ठोकलेली नाही ना? मग काय उपयोग? लोकांच्या देवालासुद्धा खिळा लागतो, जळबा पुटपुटला.

दोन वर्षं त्यानं असं लोटलं. लोटलं म्हणजे काय, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. रात्रंदिवस त्याला तो एक पाय दिसायचा. अन् सगळ्यात वाईट हे की दोष द्यावा असा कुणी सापडत नव्हता. येणारी माणसं रडत यायची. ती लबाड असती तर शिव्या तरी देता आल्या असत्या, उस्तादाच्या सगळ्या शिव्या शिल्लक होत्या.

त्या साली दिवाळीच्या तोंडावर नख फुटलं. ठोकलेली नाल भिंतीच्या पोपड्यासारखा नखाचा तुकडा घेऊनच निघून आली, अन् भेग खालून वर गेली ती पार खुरावरच्या केसांच्या कडेजवळ, मधे अंगठ्याएवढी जागा सोडून. संपतराव खाली बसला. त्यानं भेगेवरून बोट फिरवलं अन् ते बोट तसंच धरून बसला. एकाच पायाचं तर आहे, हे तो परत म्हणाला नाही.

बनाबाईनं विचारलं, पाय भरंल का? जळबानं तिला केसांची कड दाखवली. नवं नख इथून फुटतं अन् हळूहळू खाली उतरतं. जमिनीला टेकायला पुढचा दसरा येणार. तोवर ओझं नाही, खडकाळ वाट नाही, डांबर नाही. अन् नाल तर नाहीच नाही. एक खिळा जरी गेला तरी ही भेग केसांत शिरंल, मग नवं नखसुद्धा फुटकंच निघंल.

मेंढरं थांबणार नव्हती. गावाकडं चारा नव्हता, मेंढराला पुढच्या दसऱ्याचं काय कळतं! तेव्हा ठरलं की काजळी जळबाकडं राहील. संपतरावनं तिला लिंबाला बांधलं अन् मागं न बघता गेला. बनाबाई थांबली. तिनं काजळीच्या मानेला कपाळ लावलं, मग जळबाकडं वळून म्हणाली, "मामा, तुमच्या पदरात टाकली. मी परत आले की मला चालती द्या."

बस्स, एवढंच. मग तिनं पालाचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं अन् मेंढरांच्या धुळीत शिरली.

जळबानं कयाधू नदीची वाळू आणून अंगणात पसरली. सुरी लाल तापवून भेगेच्या वरच्या टोकाला आडवी खाच पाडली, म्हणजे भेगेची वाट अडेल. रोज सकाळी करडईचं तेल केसांच्या कडेला चोळायचा. अन् काय सांगू, महिन्याभरात खाचेच्या वर नवं नख दिसलं. काळंभोर, गुळगुळीत, एकसंध. जळबा त्याच्यावर अंगठा ठेवून माप घ्यायचा. संक्रांतीला अंगठ्याच्या नखाएवढं होतं, होळीला अख्खं पेर. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. नाल मागायला येणाऱ्यांना तो आता दारातूनच हाकलायचा, अन् नालेविना पायाकडं बघून तेही मुकाट जायचे.

होळी होऊन ऊन तापलं होतं. शनिवारची दुपार, जळबा काजळीच्या पायावर ओली चिंधी घालत होता, अन् फाटकातून मंजुळाबाई आली. नांदेडहून बसनं उतरून तशीच चालत आलेली. घरंदाज बाई, एरवी दाराबाहेर पाऊल टाकायची तर सोबत कुणी असायचं. आज एकटी होती अन् पायात चप्पल नव्हती.

रुद्र पुन्हा पडला होता. तोच ताप, पण आता नांदेडच्या दवाखान्यात, नाकात नळी. डॉक्टर म्हणत होते औषध चालू आहे, वाट बघा. उकंडरावांनी दिवाळीला घराला नवी चौकट बसवली, तेव्हा जुन्या उंबऱ्याची नाल सुताराच्या हातून कुठं गेली ती गेली. मंजुळाबाईला त्यातच सगळं कळलं होतं. तिनं पिशवीतून कोरी नाल काढून जळबाच्या पुढ्यात ठेवली. एक घटकाभर ठोका, म्हणाली. माझ्या डोळ्यांदेखत काढा, की मी जाते.

जळबानं तिला पाय दाखवला, भेग दाखवली, नवं नख दाखवलं. तिनं बघितलं. मग त्यानं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. काकू, त्या नालेत काही नव्हतं. ती तिथं पडली होती म्हणून दिली. डावा पाय, शनिवार, हे सगळं मी थट्टेत बोललो होतो. मालकांचं तोंड उतरलेलं बघवलं न्हाई म्हणून बोललो.

मंजुळाबाई चिडली नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं अन् म्हणाली, "तुमी थट्टेत दिली असंल, भाऊ. देवानं थट्टेत घेतली न्हाई."

जळबानं कोरी नाल तिच्याकडं सरकवली, तिनं ती परत त्याच्यापुढं लोटली.

"माझं लेकरू गेलं अन् तुमच्या घोडीचं नख वाढलं, तर तुमाला ते नख बघवंल का?"

एवढं बोलून ती खाली टेकली. वाळूत बसून राहिली. जळबा उठला, रांजणापाशी गेला, पाणी न पिताच परत आला. डोकं सांगत होतं की नाल म्हणजे लोखंड आहे, लोखंडानं ताप उतरत नाही. पण तिकडं नळी लावलेलं लेकरू होतं, अन् ते खरंच गेलं तर? तर जन्मभर कोण मानणार की लोखंडानं काही होत नव्हतं? जळबा तरी मानणार का? बनाबाईचं बोलणं कानात होतं, चालती द्या. अन् ही बाई समोर. दोन बायकांच्या मधे तो एकटा, अन् हातात हातोडी.

त्यानं काजळीच्या गुडघ्यामागून हात फिरवला. मनात म्हणाला, देऊ नको. आज लाथ मार, दात लाव, पण पाय देऊ नको. काजळीनं पाय उचलला अन् रोजच्यासारखा त्याच्या मांडीवर ठेवला.

त्यानं एकच खिळा घेतला, सगळ्यात बारीक. टाचेकडची थोडी धड जागा शोधली. कान लावून ठोकला. पहिल्या टोल्याला खण वाजलं, दुसऱ्याला खण वाजलं. तिसऱ्याला आवाज बसला. अन् त्याच्याबरोबर एक बारीक कट्ट झालं, सुकी शेंग तडकावी तसं. भेग खाच ओलांडून वर गेली होती. नव्या नखातून, केसांत.

काजळी थरथरली. पाय तरी तिनं काढला नाही.

जळबानं नाल उपसली अन् न बघता मंजुळाबाईकडं दिली. तिनं ती कपाळाला लावली, जळबाच्या पायाला हात लावायला वाकली, तो मागं सरकला. मग ती उन्हात पळत बसथांब्याकडं गेली.

रुद्र बरा झाला. आठवड्याभरात नळी निघाली, गुढीपाडव्याला पोर घरी आलं. उकंडरावांच्या नव्या चौकटीला नवी नाल लागली, अन् गावोगाव कथा पहिल्यापेक्षा मोठी झाली. चांगलंच झालं, लेकरू वाचलं, दुसरं कोण काय म्हणेल? जळबाही चांगलंच झालं म्हणाला.

काजळीच्या केसांच्या कडेतून पू वाहू लागला. जनावरांचा डॉक्टर येऊन सुया देऊन गेला. भला माणूस, रोज यायचा. जीव वाचंल म्हणाला, पण पायाचा भरवसा देत नाही. जळबानं शेकलं, धुतलं, बांधलं, रात्री तिच्याजवळच पथारी टाकली. जीव वाचला. पाय मात्र टेकेना. ती लिंबाखाली तीन पायांवर उभी राहायची, चौथा नुसता वाळूला शिवलेला.

मृगाच्या आधी मेंढरं पैनगंगेच्या अल्याड आली. बनाबाई कळपाला मागं टाकून एकटीच पुढं आली होती. तिनं फाटकातूनच हाक मारली, अन् काजळीनं मान वर करून फुरफुर केलं, तिच्याकडं जायला निघाली अन् दोन उड्यांत थांबली.

बनाबाई जवळ गेली. तिनं गुडघ्यामागून हात फिरवला, काजळीनं पाय दिला. बनाबाईनं तो मांडीवर घेतला, चिंधी सोडली, बघितलं. जळबा सांगत गेला, काही न लपवता, मंजुळाबाई आली तिथपासून. पहिली नाल आपणच थट्टेत दिली होती हेही सांगितलं. त्याला वाटत होतं ती ओरडेल, शिव्याशाप देईल, निदान मामा म्हणायचं सोडेल. तेवढं झालं असतं तरी त्याला जरा बरं वाटलं असतं.

बनाबाईनं चिंधी परत बांधली, गाठ मारली.

"लेकरू कसं हाय?"

"बरं हाय. अंगणात खेळून राहिलं."

"मग मी काय बोलू, मामा?"

जळबाला तिच्या तोंडाकडं बघवेना. सवयीनं त्यानं खाली बघितलं. बनाबाईचे पाय त्याच्या समोर होते. सारा हंगाम डोक्यावर बिऱ्हाड घेऊन चाललेले, घोट्यापर्यंत धुळीनं भरलेले, अन् दोन्ही टाचा वरपर्यंत फाटून भेगांत रक्त सुकलेलं. ती काजळीचा पाय मांडीवर धरून तिथंच बसून राहिली, अन् जळबा तिच्या टाचांकडं बघत उभा राहिला.